बीड स्पिनरवर बारीक मणी कसे ओवावेत: सुई धरण्यापासून पाच पदरी माळेच्या गाठीपर्यंत

पाच पदरांची साधी माळ करायची म्हटली, तरी ११ नंबरचे, म्हणजे सुमारे दोन मिलिमीटरचे, दीड हजारांवर बारीक मणी ओवावे लागतात. एकेक मणी सुईच्या टोकाने उचलत बसलं तर दुपार त्यातच जाते आणि मान आखडते. मग पदर बसवणं, ताण राखणं, गाठ मारणं, या खऱ्या कौशल्याच्या कामाची वेळ येते तेव्हा हात थकलेले असतात. हौसेने केलेल्या पुष्कळ माळा शेवटाच्या गाठीपाशी सुटतात, त्यामागे हा थकवाच असतो. बीड स्पिनर, म्हणजे मणी ओवायची फिरकी, ओवण्याचा वेळ वाचवते. तो वाचलेला वेळ मणी निवडण्यात, दोरा निवडण्यात आणि शेवट पक्का करण्यात घालायचा, असं धरूनच पुढची सगळी माहिती दिली आहे.

कोल्हापुरात मण्यांचं काम काही नवीन नाही. गौरींचे दागिने, रुखवतातली फुलं, नवरात्रात नऊवारीवर घालायच्या माळा, बचत गटांच्या स्टॉलवरची बांगड्या-कानातली, असं वर्षभर काही ना काही चालू असतं. अंबाबाईच्या देवळाजवळ गुजरीत दागिने गाठवून देणारे कारागीर हातानेच ओवतात आणि त्यांच्या कामाला तेच योग्य आहे. कोल्हापुरी साजात जवमणी आणि पानं ठरलेल्या क्रमानं येतात, ठुशीत मणी दाटून गुंफलेले असतात. तिथं फिरकीला काम नाही. एकाच जातीचे मणी, क्रमाची अट नसलेले, लांबच लांब ओवायचे असतील तिथं मात्र तिच्याइतकं उपयोगी दुसरं साधन नाही.

फिरकी चालते कशी

रचना अगदी साधी आहे. लाकडी बैठक, तिच्यावर फिरणारा खोलगट वाडगा आणि वाडग्याच्या मधोमध उभा दांडा. दांडा बोटांनी फिरवला की वाडगा फिरतो आणि मण्यांचा थर गोल वाहू लागतो. या वाहत्या थरात वाकडी, लांब सुई धरली, की समोरून येणारे मणी सुईच्या टोकाला भिडतात. ज्या मण्याचं भोक नेमकं टोकासमोर येतं तो सुईवर चढतो, मागून येणारा त्याला पुढे ढकलतो, आणि रांग लागते. ज्याचं भोक आडवं असेल तो बाजूने निघून जातो आणि पुढच्या फेरीत कधीतरी सरळ होऊन परत येतो. वाडग्यात मणी भरपूर का लागतात, याचं उत्तर इथंच आहे: जितके जास्त मणी टोकाला भिडतील, तितके जास्त चढतील.

व्हेनिसमध्ये काचेचे मणी ओवणाऱ्या बायका हेच उलट्या रीतीने करत. लांब, बारीक तारांच्या सुया पंख्यासारख्या हातात धरून त्या मण्यांनी भरलेल्या लाकडी पात्रातून पुन्हा पुन्हा फिरवायच्या, म्हणजे मणी स्थिर आणि सुया चालत्या. काचेचे मणी घडवण्याच्या कलेची नोंद २०२० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत इटली आणि फ्रान्सच्या नावावर झाली. फिरकीत सुई स्थिर राहते आणि मणी चालतात. म्हणून नवशिक्यांनी पहिली सवय लावून घ्यायची ती सुईचा हात न हलवण्याची. शिकताना बहुतेक जण सुईने मणी ढवळतात आणि मग म्हणतात, "ताई, सुई रिकामीच येते."

काय विकत घ्यावं

वाडगा लाकडी घ्या. प्लॅस्टिकचे हलके स्पिनर स्वस्त पडतात, पण वाडगा हलका असला की वेग लगेच मरतो, आणि कोरड्या हवेत मणी प्लॅस्टिकला चिकटून बसतात. घरच्या कामाला साडेतीन-चार इंच व्यासाचा वाडगा पुरतो. मोठा वाडगा घेतला तर तो भरायला तितके मणी लागतात, आणि एकेका रंगाचे पन्नास-पन्नास ग्रॅमच मणी असणाऱ्यांना त्याचा उपयोग होत नाही. सेलवर चालणारे स्पिनरही मिळतात. रोज ऑर्डरी असतील तर ते ठीक आहेत, पण हात बसेपर्यंत हाताचाच वापरा, कारण वेग केव्हा कमी करायचा ते बोटांनाच कळतं.

सुई स्पिनरसोबत येते. पाच-सात इंच लांब, टोकाकडे वळलेली, मागे दोरा अडकवायला नाकं किंवा आकडा. बहुतेक स्पिनरबरोबर एकच सुई मिळते आणि ती बऱ्याचदा ११ नंबरच्या मण्यांना जाड पडते. म्हणून एक बारीक आणि एक जाड अशा दोन सुया जवळ असू द्या. बारीक सुई ११ नंबरला, जाड सुई ८ आणि ६ नंबरला. जाड मण्यात बारीक सुई चालते, पण ती लवते आणि टोक जागेवर राहत नाही.

मणी: इथे घाई करू नका

बारीक काचमण्यांचा नंबर जितका मोठा, तितका मणी लहान. ६/० (म्हणजे ६ नंबर) साधारण ४ मिलिमीटरचा, ८/० सुमारे ३ चा, ११/० सुमारे २ चा, आणि १५/० दीड मिलिमीटरचा. दागिन्यांत सगळ्यात जास्त चालतो तो ११/०. त्याचे एका इंचात १८ ते २० मणी बसतात आणि एका ग्रॅममध्ये साधारण ११० भरतात. हे दोन आकडे पाठ असले की कुठल्याही माळेचा हिशेब बसल्या जागी होतो. ८/० चे एका ग्रॅममध्ये चाळीसच्या आसपास बसतात.

महाद्वार रोडच्या परिसरात इमिटेशन दागिन्यांचं सामान मिळतं तिथं सुट्या पुड्यांवर नंबर लिहिलेला असेलच असं नाही. मग दुकानातच एक इंचभर मणी ओवून मोजा. १८-२० भरले तर ११ नंबर, ११-१२ भरले तर ८ नंबर.

मणी कुठले, याचा फिरकीवर थेट परिणाम होतो. जपानचे मियुकी आणि टोहो मणी एकसारखे असतात, भोकं मोठी असतात, त्यामुळे ते भराभर चढतात. चेक मणी किंचित चपटे आणि थोडे कमी-जास्त असतात, पण माळेत त्यांची पडण मऊ येते आणि मला पदरांच्या माळेत तेच आवडतात. आपल्याकडे काचमणी उत्तर प्रदेशातल्या पुरदिलनगरसारख्या ठिकाणी बनतात. ते स्वस्त आहेत, रंग सुंदर असतात, पण एका पुडीत जाड, बारीक, अर्धवट तुटलेले, भोक बुजलेले असे सगळे निघतात. असे मणी न निवडता वाडग्यात टाकले, तर सुई दर दोन इंचांवर अडते.

निवडायची घरगुती रीत अशी. मणी आधी बारीक गाळणीतून हलवून घ्या, काचेची भुकटी खाली पडते. ती भुकटी हाताने पुसू नका, ओल्या कागदाने उचलून टाका. मग मणी सपाट ताटात पसरून ताट किंचित तिरकं करा. गोल मणी घरंगळतात, चपटे आणि तुटके मागे राहतात. उरलेल्यांवर एकदा नजर फिरवली की बरेच बुजलेले मणी दिसून येतात. पन्नास ग्रॅमला यासाठी जो काही वेळ जातो, तो पुढे दुपटीने भरून निघतो.

रंगाची परीक्षाही आधीच करा. पांढऱ्या ओल्या फडक्यात दोन-चार मणी घट्ट चोळा. फडक्याला रंग लागला तर त्या मण्यांची माळ घामाने गळ्यावर आणि साडीवर उतरणार. सोनेरी-चंदेरी मुलामा दिलेले मणी तर घामाने हमखास विटतात. गळ्यालगतच्या दागिन्यात ते मूळच्या काचेच्या रंगाच्या मण्यांमध्ये थोडेच घाला.

फिरकीत सगळे मणी चालत नाहीत. लांबट नळीचे मणी टोकासमोर सरळ येतच नाहीत. चपट्या चकत्या, थेंबाच्या आकाराचे, कडेला भोक असलेले मणी, हेही हातानेच ओवायचे. हलव्याच्या दागिन्यांसाठीही फिरकी चालेल का, असं संक्रांतीच्या तोंडावर विचारलं जातं. हलव्याला भोक नसतं आणि काटा मोडला तर शोभाही जाते, तेव्हा नाही.

दोरा कोणता

तंगूस, म्हणजे नायलॉनचा एकसंध पारदर्शक दोरा, सगळ्यात सहज मिळतो आणि सगळ्यात आधी हातात घेतला जातो. बांगडीला किंवा एका मोसमापुरत्या गौरीच्या माळेला तो चालेल. पण काही काळाने तो पिवळा पडतो, कडक होतो, आणि गाठीपाशी मोडतो. शिवाय तो गुंडाळीचा आकार सोडत नाही, त्यामुळे पदर गळ्यावर सुळसुळीत पडत नाही. सुती दोरा तर काचमण्यांच्या कडांनी हळूहळू कापला जातो.

पदरांच्या माळेला पिळाचा किंवा विणीचा मजबूत नायलॉन अथवा पॉलिएस्टर दोरा घ्या. काचेच्या कडा धारदार वाटत असतील तर मासेमारीसाठी वापरतात तसला विणीचा दोरा जास्त टिकतो. जड मणी किंवा पेंडंट असेल तर गिअर वायर, म्हणजे प्लॅस्टिकचं आवरण असलेली पोलादी तार, आणि शेवटाला गिअर लॉक, म्हणजे तारेवर दाबून बसवायचा धातूचा बारीक मणी. दोरा मण्याच्या भोकातून दोनदा जाईल इतपत बारीक असावा, हा नियम सगळीकडे लागू. शेवट पक्का करताना दोरा शेवटच्या काही मण्यांमधून परत फिरवावा लागतो, आणि भोक आधीच भरलेलं असेल तर ते जमत नाही.

पदर कापून मग ओवायला घेऊ नका. दोरा रिळावरच ठेवा, मणी रिळाच्या दिशेने सरकवत न्या, आणि पदर पूर्ण झाल्यावर दोन्हीकडे आठ-आठ इंच जास्तीचा दोरा सोडून कापा. मोजायची चूक होत नाही आणि दोराही वाया जात नाही.

बैठक

स्पिनर मोठ्या परातीत ठेवा, खाली जुना टॉवेल अंथरा. उडालेले मणी परातीच्या काठाला अडतात आणि टॉवेलवर टप्पा खात नाहीत. याच कारणाने फरशीवर बसून उघड्यावर हे काम करू नका, विशेषतः घरात रांगतं मूल असेल तर. उजेड डाव्या खांद्यावरून यावा. परात मांडीवर नको, टेबलावर हवी. मांडीवर मान खाली जाते आणि सुईचा कोन बदलत राहतो.

वाडगा निम्म्याहून थोडा जास्त भरा. काठोकाठ भरला तर मणी सांडतात, पाव भरला तर थर पातळ होऊन टोक वाडग्याच्या तळाला लागतं. मणी कमीच असतील तर लहान वाडगा शोधा, किंवा तेवढे हाताने ओवा. कमी मण्यांत फिरकी रेटणं म्हणजे नुसता वेळ घालवणं.

ओवायला सुरुवात

आधी दोऱ्याच्या रिळाकडच्या बाजूला मणी अडवायची सोय करा. एक मणी ओवून त्यातून दोरा पुन्हा एकदा फिरवला की तो जागेवर अडतो, आणि नंतर सहज सोडवता येतो. कागदाला लावायचा लहान चिमटाही चालतो. ही अडवण पदराच्या लांबीपेक्षा हातभर पुढे, रिळाजवळ हवी.

मग सुईत दोरा घाला. दुमडलेलं टोक इंचभरच ठेवा. नाक्यापाशी दोरा दुपदरी होतो आणि बारीक भोकाचे मणी तिथंच अडतात. फार अडत असतील तर नाक्यात अतिशय बारीक दोऱ्याचा फास घालून ठेवा आणि मुख्य दोरा त्या फासात अडकवा. मग मणी नाक्यावरून घसरत जातात. जबरदस्तीने ओढलेला मणी फुटतो आणि फुटताना दोराही कापतो.

उजव्या हाताने काम करणाऱ्यांनी सुई उजव्या हातात अशी धरावी, की तिचं वळण वाडग्यात उतरेल आणि टोक आपल्या जवळच्या काठालगत डावीकडे तोंड करून असेल. डाव्या हाताने दांडा घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवायचा. म्हणजे जवळच्या काठाशी मणी डावीकडून उजवीकडे, थेट टोकावर येतात. डावखुऱ्यांनी सगळं उलट करायचं: सुई डाव्या हातात, टोक उजवीकडे, आणि वाडगा काट्यांच्या दिशेने. गोंधळ झाला तर एवढंच बघा, की मणी सुईच्या टोकावर चालून येताहेत की पाठीमागून निघून जाताहेत.

आता टोकाचा कोन, ज्यावर सगळं अवलंबून आहे. टोक मण्यांच्या पृष्ठभागाच्या जेमतेम खाली, तळाशी जवळजवळ समांतर, किंचित वर पाहणारं असावं. तळाला टेकलं की मणी त्याच्यावरून निघून जातात. फार वर आलं तर दोन मणी भिडतात आणि बाकी खालून वाहतात. सुई वाडग्याच्या मध्याकडे न धरता काठाकडे धरा, कारण फिरताना मणी बाहेरच्या बाजूला सरकतात आणि तिथला थर जाड असतो. सुरुवातीला वाडगा अगदी हळू फिरवत कोन एकेक केसभर बदलत जा. मणी चढायला लागले की हातात बारीक खरखर जाणवते. ती जाणवली की हात तिथंच स्थिर करा. काही सुयांचं टोक फारच सरळ असतं. चिमट्याने टोकाचा शेवटचा भाग अगदी थोडा वर वळवला तर फरक पडतो, पण एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवू नका, तार मोडते.

वेग मध्यम ठेवा. दांड्याला एक जोराचा झटका देण्यापेक्षा अंगठा आणि दोन बोटांनी हलके हलके फिरवत राहिलं, तर थर सारखा वाहतो. वेगात मणी काठावरून उडतात आणि टोकावर आदळून मागे फेकले जातात.

सुईवर तीन-चार इंच मणी चढले की फिरकी थांबवा. मग टोक वर ठेवूनच सुई उचला आणि मणी नाक्यावरून दोऱ्यावर सरकवा. टोक खाली गेलं तर चढलेले सगळे मणी परत वाडग्यात. सुई पूर्ण भरायचा मोह टाळा. भरलेली सुई जड होते आणि कोन सुटतो. रीळ परातीच्या बाहेर, सुईच्या हाताच्या बाजूला ठेवा, नाहीतर दोरा दांड्याला गुंडाळला जातो.

दर सहा-आठ इंचांनी ओवलेल्या मण्यांवर बोट फिरवा. जाड मणी, तुटकी कड, रंग चुकलेला मणी बोटाला लगेच कळतो. नको असलेला मणी दोरा न सोडता काढता येतो: बारीक पक्कडीने मणी हलकेच चिमटून फोडायचा. फोडताना डोळ्यांवर चष्मा हवा, वर फडकं धरायचं, आणि पक्कडीची धार दोऱ्याला लागता कामा नये. मणी फोडताना बाहेरून दाबण्याऐवजी भोकात जाड सुई घालून आतून बाहेर दाब दिला, तर दोरा कापला जाण्याचा धोका आणखी कमी होतो.

अडतं कुठं

सुई रिकामी येते तेव्हा आधी दिशा बघा, मग टोकाची खोली, मग मण्यांची पातळी. ओवत गेलं तसे मणी कमी होतात, आणि पहिल्या पदराला भरभरून चालणारी फिरकी तिसऱ्या पदराला मंदावते. वाडग्यात मणी घालत राहा.

मणी चढतात पण थोडं पुढे जाऊन थांबतात, तेव्हा एखादा बारीक भोकाचा मणी सुईवर रुतलेला असतो. मागून ढकलत राहू नका. टोकाकडचे मणी काढा, रुतलेला मणी फोडा, पुढे चला.

वेगवेगळ्या रंगांचे मणी मिसळून ओवायचे असतील तर फिरकीत ते फार छान उतरतात. डोळे मिटूनही हाताने इतकं सहज मिश्रण साधत नाही, कारण हात नकळत क्रम लावतो. पण सगळे मणी एकाच नंबरचे घ्या. दोन मापं मिसळली तर डब्यातल्या चिवड्यासारखं होतं: हलत राहिलं की बारीक सगळं तळाला जातं आणि मोठं वर राहतं. मग पदराच्या सुरुवातीला एक माप आणि शेवटी दुसरंच येतं.

पावसाळ्यात कोल्हापूरच्या दमट हवेत लाकूड फुगतं आणि दांडा बैठकीत घट्ट होतो. तेल घालू नका, ते मण्यांवर आणि मग दोऱ्यावर येतं. वाडगा बैठकीवरून निघत असेल तर काढून, घासणाऱ्या भागावर मेणबत्ती चोळा. हिवाळ्याच्या कोरड्या दिवसांत मणी वाडग्याला चिकटत असतील तर वाडगा ओलसर फडक्याने पुसून, पूर्ण वाळल्यावर मणी घाला.

पाच पदरी माळ

आता प्रत्यक्ष एक माळ. ११ नंबरचे एकाच रंगाचे मणी, पदरांच्या लांब्या आतून बाहेर १६, साडेसोळा, १७, साडेसतरा आणि १८ इंच. एकूण ८५ इंच होतात. इंचाला १८ धरले तर १,५३० मणी, म्हणजे सुमारे १४ ग्रॅम. तरीही ५० ग्रॅम घ्या, कारण वाडगा भरलेला राहायला हवा.

पदर ओवून झाले की दोन्ही टोकांना अडवण लावून ते टेबलावर सरळ न ठेवता गळ्याच्या गोलाईत ठेवा. सरळ मोजलेले पदर गळ्यात घातल्यावर एकमेकांवर चढतात. गोलाईत ठेवल्यावर कुठल्या पदराला दोन मणी कमी हवेत ते दिसतं. प्रत्येक पदरात एका मण्याइतकी ढील ठेवा. काचमणी एकमेकांवर करकचून बसले तर माळ काठीसारखी ताठ राहते आणि कडांनी दोरा कापला जातो.

प्रत्येक टोकाचे पाचही दोरे एकेका धातूच्या कडीत घ्या. प्रत्येक दोरा कडीतून नेऊन आपल्याच पदराच्या शेवटच्या चार-पाच मण्यांमधून मागे आणा, तिथं दुहेरी पिळाची गाठ मारा, पुन्हा दोन-तीन मणी पुढे जा, दुसरी गाठ मारा, आणि मग उरलेला दोरा आणखी काही मण्यांत लपवून कापा. गाठ मण्यांच्या आत ओढली गेली पाहिजे. पाचही दोरे एकत्र धरून एकच मोठी गाठ मारायची घाई पुष्कळ जण करतात. ती गाठ सुटली तर पाचही पदर एकदम जातात. वेगवेगळ्या गाठी असतील तर एक पदर सुटतो आणि माळ वाचते.

गाठीवर डिंक लावायचाच असेल तर दागिन्यांसाठीचा, वाळल्यावर थोडा लवचीक राहणारा घ्या. क्षणात चिकटणारा डिंक दोऱ्याला काचेसारखा कडक करतो आणि दोरा त्याच जागी मोडतो. एक थेंब टाचणीच्या टोकाने, आणि रात्रभर वाळवा.

कडीला तार जोडून तिच्यावरून शंकूच्या आकाराची टोपी चढवली की गाठी झाकल्या जातात. टोपीच्या बाहेर आलेल्या तारेच्या कडीत आकडा अडकवा, किंवा आपल्या पारंपरिक माळांना असते तशी सरकत्या गाठीची दोरी आणि गोंडा लावा. दोरीचा फायदा असा, की एकच माळ आई आणि लेक दोघींना बसते. विकायला करत असाल तर मी दोरीच सुचवेन.

पदरांना पीळ द्यायचा असेल तर पाचही सारख्या लांबीचे करा आणि प्रत्येक पदर एक-दीड इंच जास्तीचा ओवा, कारण पिळात लांबी कमी होते. पीळ कडी पक्की करण्याआधी द्यायचा असतो.

काळी पोत

मंगळसूत्राच्या पोतीला फिरकी चालते का? सलग काळ्या मण्यांचा भाग इंचाहून लांब असेल तर चालते. प्रत्येक पाच-दहा काळ्या मण्यांनंतर सोन्याचा मणी येत असेल, तर सुई थांबवून मोजण्यात जो वेळ जातो त्यात हाताने ओवून होतं. मधला मार्ग असा: फिरकीवर काळे मणी वेगळ्या दोऱ्यावर ओवून ठेवायचे, मग त्या सरातून थेट मुख्य दोऱ्याच्या सुईवर मोजून दहा-दहा घ्यायचे आणि मध्ये सोन्याचा मणी हाताने घालायचा. सोन्याचं मंगळसूत्र असेल तर मात्र ओवलेला काळा सर घेऊन गुजरीत गाठवायला द्या. सोन्याच्या वाट्यांचं वजन पेलणारी गाठ अनुभवी हाताचीच असावी.

तार आणि रुखवताची फुलं

मण्यांच्या फुलांना दोऱ्याऐवजी २६ किंवा २८ गेजची तार लागते, आणि तिथं सुईचीही गरज नाही. रिळावरच्या तारेचं मोकळं टोक तिरकं कापा, चार-पाच इंच भाग सरळ करून स्पिनरच्या सुईसारखं वळण द्या, आणि थेट मण्यांत धरा. मणी तारेवर चढतात, ते रिळाकडे ढकलत जायचं. पुरेसे झाले की टोकाला लहान फास वळवा, नाहीतर रीळ हातातून सुटलं तर सगळे मणी परातीत. तार एकदा मुडपली की तो भाग कापून टाका. मुडपीवरून मणी सरकत नाहीत आणि पाकळी वळवताना तार तिथंच तुटते. एकाच रंगाच्या वीस-पंचवीस पाकळ्या असतील तेव्हा आधी सगळी तार ओवून घ्यावी आणि मग पाकळ्या वळवाव्यात.

आवरताना

उरलेले मणी वाडगा तिरका करून कागदाच्या घडीवरून डबीत ओता. तळाच्या चिमूटभर मण्यांत तुटके आणि बुजलेले सगळ्यात जास्त असतात, कारण चांगले आधी चढून गेलेले असतात. ते मूळ पुडीत परत टाकू नका, वेगळ्या डबीत ठेवा आणि भरतकामाला किंवा गोंड्यांना वापरा. डबीवर नंबर आणि मणी घेतल्याचा महिना लिहा. त्याच रंगाचे मणी पुन्हा घ्यायला जाल तेव्हा छटा थोडी बदललेली असू शकते, म्हणून मोठ्या ऑर्डरीचे मणी एकाच वेळी, एकाच पुडीतले घ्या. सुई कोरडी पुसून, वळण दबणार नाही अशा डबीत ठेवा.